दाजी, तुमचं थोडक्यात राहिलं

बालाजी मारोती पौळ. दाजी, तुमचं पूर्ण नाव मी तुमच्यासमोर कधी उच्चारलं नाही. आपल्याकडे मेहुणा दाजीचं नाव घेत नाही आणि घ्यायची वेळही येत नाही. ताथवड्याच्या कॉलेजात प्रवेश घेताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "इथे तुझं कोण आहे?" तेव्हा ते मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते गेल्या महिन्यात, स्मशानभूमीच्या खिडकीवर. तिथल्या माणसानंही तेच विचारलं, "तुमचे कोण?" नावापुढे नातं म्हणून दोन्ही ठिकाणी मी नुसतं "दाजी" म्हणालो आणि दोन्ही ठिकाणी समोरच्यानं लिहून घेतलं, "बहिणीचे पती." ते चूक नव्हतं. पण तेवढ्यात तुम्ही मावत नव्हता.

पालमच्या जिल्हा परिषद शाळेतून निघालेला सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा इंजिनिअर झाला, यात बऱ्याच जणांचा हात आहे. शाळेतले सर आहेत, माझे वडील अण्णा आहेत, अक्का आहे. पण कोणी एकच नाव विचारलं तर मी तुमचं सांगेन. तुम्ही तेव्हा मोशीत राहत होता. चाकणला जाणारी कंपनीची बस जवळजवळ दारातूनच जायची. मला ताथवड्याला प्रवेश मिळाला आणि तुम्ही पुनावळ्यात खोल्या बघितल्या, म्हणजे मला चालत कॉलेज गाठता येईल. अक्का म्हणाली, "याच्या कॉलेजापायी तुमी रोज एवढं लांब जाणार?" तुम्ही म्हणालात, "बसमधी झोप हुती. मोशीहून गेलं की डोळा लागेस्तवर कंपनीच येती." आम्ही हसलो. मी तर ते खरंच मानलं. पुढे मी स्वतः त्या रस्त्यानं चाकणला जायला लागलो, खड्डे आणि ट्रकांच्या रांगा बघितल्या, तेव्हा कळलं की त्या बसमध्ये कुणालाच झोप लागत नाही.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षांची, हे सगळं कंपनीच्या फळ्यावर तुमच्या फोटोखाली लिहिलं होतं. ते मला पुन्हा लिहायचं नाही. मला आपल्या जेवणाचं लिहायचं आहे. कारण सध्या घरात सगळं अडलंय ते जेवणापाशीच, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाता येत नाही.

पुनावळ्याला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात अक्का गॅससमोर चक्कर येऊन पडली. गरम तव्याला हात लागला नाही, एवढंच नशीब. दवाखान्यात साखर तपासली. डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येते?" अक्का म्हणाली, "येती अधनंमधनं. दिवाळीपासून." तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायलात आणि मग म्हणालात, "आमच्या लाइनीत पत्रा नुसता घसरला, कुणाला लागला नाही, तरी सांगावं लागतं. अन् हितं माणूस घसरायलंय तर कुणी बोलंना."

"उगं तुमच्या जिवाला घोर कायला?" अक्का म्हणाली.

"न सांगितल्यावर घोर जातो का?"

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही आम्हाला कंपनीतल्या प्रेस शॉपचं, पत्रा दाबून भाग काढतात त्या विभागाचं सांगितलंत. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे अर्धगोल करून उभे राहतात आणि सुपरवायझर विचारतो, काल काय हुकलं? झालेला अपघात तर सगळ्यांना दिसतो. होता होता राहिलेला मात्र ज्याचा त्यालाच माहीत असतो. कंपनीत त्याला निअर मिस म्हणतात. त्याचा एक नियम आहे, सांगणाऱ्याला बोल लावायचा नाही. "एकदा रागावलं की खेळ खलास," तुम्ही म्हणालात. "उद्यापासनं कुणीच सांगत नाही, अन् परवा कुणाचं तरी बोट जातं."

तुमची समृद्धी तेव्हा पहिलीत होती. तिनं घास तोंडात ठेवूनच विचारलं, "म्हणजे थोडक्यात वाचलं ते?"

"हां," तुम्ही म्हणालात, "थोडक्यात. अन् सांगायचं पण थोडक्यातच. भाषण नको."

तिथून ते नाव पडलं. रोज जेवताना, लहानापासून सुरुवात, तुम्ही शेवटी. शरीराचं जे काही आज हुकलं किंवा हुकता हुकता राहिलं ते सांगायचं. ऐकणाऱ्यानं मान हलवायची, उपदेश करायचा नाही. पहिल्या दिवशी समृद्धी म्हणाली, "मी गाजराची भाजी कुत्र्याला दिली." अक्काचा हात उठला होता. तुम्ही नुसतं तिच्याकडे बघितलंत. अक्कानं उठलेला हात तसाच पुढं नेऊन भाकरी वाढली. मग माझी पाळी. मी म्हणालो, "आज पाणीच प्यायलो नाही, दुपारी डोकं दुखलं." तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी माझ्या बॅगेत एक स्टीलची बाटली होती.

भिंतीपलीकडे घरमालक आबा राहायचे. एकदा दारात येऊन म्हणाले, "आवं बालाजीराव, तुमी जेवता का मिटिंगा घेता?"

"दोन्ही, आबा. या, तुमी पण सांगा."

"न्हाई बाबा. माझं सांगाया बसलो तर भाकरी वाळंल."

पण नंतर आबाच ओट्यावर गाठून तुम्हाला एकेकटं सांगायला लागले. पाय सुजतात. रात्री चारदा उठावं लागतं. तुम्हीच त्यांना मुलाच्या गाडीवर बसवून तपासायला पाठवलंत.

घरातल्या बाकीच्या सवयी या एका सवयीतूनच आल्या असं आता मला वाटतं. तुम्ही कधी व्याख्यान दिलं नाहीत. तिसरी शिफ्ट असली की खिडकीला खोक्याचा पुठ्ठा लागायचा, आणि तुम्ही उठेपर्यंत घरात सगळे दबक्या पावलांनी चालायचे. "झोप पण शिफ्टच हाय," तुम्ही म्हणायचात, "तिथं दांडी मारली की हितं हजेरी लागत नाही." जेवताना फोन सगळे पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. जेवण झालं की हायवेच्या सर्व्हिस रोडनं चालायला. तुम्ही हात मागे बांधून पुढे, अक्का मागून "हळू चाला, काय बस सुटायली का?" म्हणत, आणि समृद्धी कधी तुमच्याजवळ, कधी तिच्याजवळ पळत. त्या एका चालण्यापायी तिच्या चपला तीन महिन्यांत झिजायच्या. कंपनीत शिफ्टआधी मान फिरवायचा, खांदे सैल करायचा जो व्यायाम घेतात, तो तुम्ही आम्हाला पॅसेजमध्ये उभं करून करायला लावायचात. रात्रीचा भात तुम्ही बंद केलात. ते मात्र मी मनापासून कधी मान्य केलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि तंबाखू. त्या ताटावर तुम्ही सगळ्यात अवघड थोडक्यात कोणतं सांगितलं असेल तर ते. अक्कानं कित्येक वर्षं भांडून, देवाच्या शपथा घालून जे झालं नाही, ते ती गप्प राहिल्यानं झालं. "आज खाल्ली," तुम्ही सांगायचात. अक्का पदराचं टोक दातात धरायची आणि ताटात बघायची. पुन्हा काही दिवसांनी, "आज खाल्ली." मग एकदा, "आज पुडी उघडली अन् तशीच मोरीत झटकली." अक्का उठून आत गेली. आम्हाला वाटलं रागावली. ती गूळ-शेंगदाणे घेऊन आली आणि तुमच्या ताटाशेजारी ठेवले. तेव्हापासून तुमच्या खिशात पुडीच्या जागी शेंगदाणे असायचे. कंपनीतले लोक तुम्हाला शेंगदाणे म्हणायला लागले, तेही तुम्हीच हसत सांगितलंत.

तुम्ही सगळंच बरोबर सांगायचात असं नाही. कारल्याच्या रसाचं तुमचं-माझं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. बसमधल्या कोणीतरी सांगितलं आणि तुम्ही अक्काला सकाळी कारल्याचा रस सुरू केलात. मला विरोध रसाला नव्हता. पण एक दिवस तुम्ही म्हणालात, "आता गोळी अर्धी करून बघू."

"दाजी, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही," मी म्हणालो.

"आलास का इंजिनेर. तुझ्या कॉलेजात कारलं शिकवतेत का?"

"कारलं नाही शिकवत. पण मोजमाप शिकवतात. रसानं साखर किती कमी होते, मोजलंय का तुम्ही?"

"तुझ्या अक्काचं तोंड बघून कळतं मला."

"तोंड कडू झालेलं कळतं," अक्का मधेच म्हणाली, "साखरेचं काई कळत नाही."

गोळी चालू राहिली, रसही चालू राहिला. तुम्ही माझ्यावर सोडलीत गोळी आणि मी तुमच्यावर सोडलं कारलं. दवाखान्यातसुद्धा तुम्ही मला म्हणालात, "तुझं गोळीचं बरोबर असंल. पण कारल्याचं माझं ऐक, गजू." मी "बरं" म्हणालो. मला पटलेलं नव्हतं, आणि ते तुम्हालाही कळलं होतं. तुम्ही हसलात. हे भांडण आता मी एकटा कुणाशी पुढे चालवू?

तुमच्या आजाराचं मी जास्त लिहिणार नाही. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. तुम्ही काहीही लपवलं नाहीत. एका संध्याकाळी, आम्हा सगळ्यांचं सांगून झाल्यावर, तुम्ही म्हणालात, "दात घासताना रक्त आलं. अन् आज जिन्यावर मधीच थांबावं लागलं." तेवढंच. नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तपासणीला गेलो आणि संध्याकाळी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तुम्हाला दाखल करून घेतलं. रक्ताचाच आजार निघाला. ज्या दिवशी तुम्हाला कळलं त्याच दिवशी आम्हाला कळलं. तुम्ही लपवलं असतं तर मला तुमच्यावर रागावता तरी आलं असतं. तेवढीही सोय तुम्ही ठेवली नाहीत.

डॉक्टर तरुण होत्या, समजुतीच्या होत्या. त्यांनी अक्काला बसवून सांगितलं, "यांच्या कुठल्या सवयीमुळे हे झालेलं नाही. आणि कुठल्या सवयीनं हे टळलंही नसतं. स्वतःला दोष देऊ नका." त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं होतं. अक्कानं ते ऐकलं आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसून राहिली.

दवाखान्यातली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. डब्यात मऊ भात होता. रात्री भात नाही म्हणणाऱ्या तुम्हाला आता दुसरं काही जात नव्हतं. तुम्ही दोन घास खाल्लेत, चमचा खाली ठेवलात आणि म्हणालात, "चला, थोडक्यात."

समृद्धी म्हणाली, "मी शाळेत रडले. पण मुलींच्या बाथरूममध्ये."

मी म्हणालो, "मी आज कँटीनचा चहा खूप वेळा प्यायलो." मला भलतंच काही सांगायचं होतं. मला सांगायचं होतं की मोशी का सोडलीत ते मला कळलंय. की पदवीचा कागद हातात घेतला तेव्हा त्यावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव नाही याचं मला वाईट वाटलं होतं. पण आपल्या नियमात ते बसत नव्हतं, थोडक्यात म्हणजे शरीराचं. मी नियमाच्या आड लपलो असं नाही. मला खरंच वाटलं की उद्या सांगू.

अक्का म्हणाली, "मला भ्याव वाटायलंय."

आम्ही मान हलवली. नियमच तसा होता. सलाइनचं स्टँड, खिडकीतून येणारा हॉर्नचा आवाज, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाबांचं खोकणं. मग तुमची पाळी आली.

"मला पण," तुम्ही म्हणालात.

आणि अक्कानं तुमच्या डब्यातला उरलेला भात चमच्यानं गोळा केला आणि तुम्ही तो खाल्लात. त्या वॉर्डात आपल्यासारखी पुष्कळ कुटुंबं होती. कोणी बाहेर जाऊन फोनवर रडत होतं, आत येऊन "काही नाही, उद्या सोडतील" म्हणत होतं. आपल्याला तसं करावं लागलं नाही. मी नंतर खूप विचार केला. इतकी वर्षं आपण पाणी प्यायलो नाही, जिन्यावर दम लागला, पुडी उघडली, असली बारकी बारकी भीती एकमेकांना सांगत आलो, म्हणून ही मोठी भीती सांगताना आपल्या कुणाची जीभ अडली नाही. मग मला कळलं की तुमची सवय कशासाठी होती.

पण अक्काला हे मी पटवू शकलेलो नाही.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि अक्कानं टीव्ही लावला. ती ताट घेऊन टीव्हीसमोर बसते. फोनचा डबा रिकामाच असतो. चालायला चल म्हटलं की म्हणते, "कुठं जायचंय? बस सुटायली का?" आणि स्वतःच गप्प होते. चहात दोन चमचे साखर घालते, माझ्यासमोर, मुद्दाम चमचा वाजवून. कारलं तर घरात येतच नाही. मी एकदा बोललो तेव्हा म्हणाली, "चाललो, कमी तेल खाल्लं, भाकरी खाल्ली, झोपलो वेळेवर. तंबाखू सोडली त्यांनी. अन् काय झालं? त्या डॉक्टरीणबाईनंच सांगितलं न, सवयीनं टळत नसतंय म्हणून. मग कायला करायचं?"

डॉक्टरांचं वाक्य तिनं अर्धंच उचललं होतं. त्या तुमच्या आजाराबद्दल बोलत होत्या. अक्काची साखर, आबांचे सुजलेले पाय, ही दुसरी गोष्ट आहे. तिथं सवय आणि गोळी दोन्ही चालतात. हे मला माहीत आहे. पण समोर बसलेल्या बहिणीला ते सांगताना माझ्या तोंडात शब्द टिकत नाहीत. दाजी, तुम्ही असता तर काय म्हणाला असता? बहुतेक काहीच म्हणाला नसता.

गेल्या आठवड्यात मी फ्रिजवरची तिची गोळ्यांची पट्टी बघितली. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मीच आणून ठेवलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती. माझा तोल गेला. पट्टी हातात घेऊन मी अक्कासमोर उभा राहिलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते तुम्हाला ऐकवत नाही. पोरीला उघड्यावर टाकायचंय का, असं काहीतरी. अक्कानं टीव्हीचा आवाज वाढवला.

समृद्धी, आता अकरावीत असलेली, दारात उभी होती. मला म्हणाली, "मामा, ती सांगत होती का तुला?"

"काय?"

"तिनं सांगितलं नाही. तू पकडलंस. पकडलेलं थोडक्यातमध्ये धरत नाहीत. पप्पा म्हणायचे."

मी पट्टी परत फ्रिजवर ठेवली. हातावर हात ठेवून बसणं इतकं अवघड असतं हे मला त्या दिवसांत कळलं. अक्का पदराचं टोक दातात धरून कशी बसली असेल, तेही कळलं. रोज कामावरून आलो की नजर फ्रिजकडे जायची आणि मी ती दुसरीकडे वळवायचो. अक्काचे पाय संध्याकाळी जड पडायचे, रात्री ती दोनदा पाणी प्यायला उठायची. मला दिसत होतं. दुसरा खड्डा तोंड उघडून समोर होता आणि मी बघत बसलो होतो, कारण ओरडलो तर ती आणखी आत जाईल हे आता मला ठाऊक होतं.

काल संध्याकाळी समृद्धीनं टीव्ही बंद केला. अक्का म्हणाली, "लाव." ती म्हणाली, "लावते. आधी थोडक्यात." आणि खाली बसली, ताट पुढ्यात घेतलं, तुमच्यासारखं. "आज प्रॅक्टिकलला चक्कर आली. सकाळी काही खाल्लं नव्हतं. कालपण नव्हतं. बाईंनी खुर्चीत बसवलं." तिनं भाकरी मोडली आणि खायला लागली. एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. पण तुम्ही गेल्यापासून घरात सकाळचा नाश्ता कोणी केलेला नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

माझी पाळी. मी म्हणालो, "मला तीन आठवडे झोप लागत नाही. काल गाडी चालवताना सिग्नलला डोळा मिटला. मागच्यानं हॉर्न वाजवला म्हणून वाचलो." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अक्का ताटातली भाकरी चुरत होती. पलीकडे आबांच्या घरात भांडं पडलं. मग ती म्हणाली, "मी गोळी घेत नाही. ते गेल्यापासनं एक बी नाही घेतली."

मी ओठ दाबून धरले. समृद्धीनं मान हलवली. नुसती मान, दाजी, तुम्ही हलवायचात तशी, हनुवटी किंचित बाजूला. अक्का तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. तुम्ही गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, फ्रिजवरची पट्टी घेतली, आणि माझ्याकडे पाठ करून गोळी घेतली. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग आत जाऊन तिनं सकाळसाठी मूग भिजत घातले. तिला सगळं पटलंय असं मी म्हणत नाही. उद्या पुन्हा टीव्ही लागेल. पण तिनं सांगितलं. पकडलं गेलेलं नव्हतं ते, सांगितलेलं होतं.

ती परत येऊन ताटावर बसली तेव्हा समृद्धी सवयीनं म्हणाली, "आता पप्पांचं."

आणि आम्ही तिघंही थांबलो. तुमची जागा भिंतीपाशी, पाठ टेकायला म्हणून तुम्ही घेतलेली. तिथे कोणी बसत नाही. मी उठलो आणि कपाटातून एक पत्र आणलं. मी नोकरीला लागल्यावर कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी तमिळनाडूत होसूरला पाठवलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "फोनवर तू 'बराय, बराय' म्हणतोस. कागदावर लिहिताना माणसाला थांबावं लागतं. पत्र लिही." मी ते एकच पत्र तुम्हाला लिहिलं. तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत. पत्र मिळालं त्या संध्याकाळी फोन केलात आणि म्हणालात, "आधी जेव. माझं शेवटी."

तुमच्या पाळीला काल मी ते वाचून दाखवलं. इथेही तेच उतरवतो.

*

होसूर

तीर्थरूप दाजींस,
गजाननचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे सुखरूप पोचलो. खोली स्वच्छ आहे. खोलीतला सोबती सोलापूरकडचा आहे, त्यामुळे बोलायला माणूस मिळाला.

आधी मोठी गोष्ट सांगतो. इथे तिन्ही वेळा भात असतो. सकाळी वेगळ्या रूपात, दुपारी भात म्हणून, आणि रात्री पुन्हा भात. पहिल्या दिवशी मी तुमची बंदी पाळली आणि रात्री उपाशी झोपलो. दुसऱ्या दिवशी मोडली. बोल लावायचा नाही, हा तुमचाच नियम आहे.

आता थोडक्यात. पाणी भरपूर पितो, तुमची बाटली सोबत आहे. चालणं होतं, कारण कँटीन लांब आहे. मान फिरवायचा व्यायाम मी एकटा करायला लागलो तेव्हा सगळे हसले. आता आमच्या मजल्यावरची सहा मुलं करतात. त्यांना मी सांगितलं की हे आमच्या दाजींनी शिकवलंय. दाजी म्हणजे काय, ते त्यांना समजावताना मला जमलं नाही.

एक खरं सांगतो. पहिल्या आठवड्यात मला घरची इतकी आठवण आली की छातीत दुखतंय असं वाटायला लागलं. मी घाबरलो. मग ताटावर बसून मनातल्या मनात तुम्हाला सांगितलं. समृद्धीचं झालं, अक्काचं झालं, माझं झालं असं धरलं, आणि दुखणं कमी झालं. हे हुकलं म्हणायचं की वाचलं, मला कळत नाही. म्हणून लिहिलं.

अक्काला सांगा, गोळी वेळेवर घे. कारल्याचं मी काही म्हणत नाही. समृद्धीला सांगा, डबा कुत्र्याला देऊ नको.

तुम्ही आमचं सगळ्यांचं ऐकता आणि तुमचं शेवटी सांगता. तोवर ताटं रिकामी झालेली असतात, कोणी हात धुवायला उठलेलं असतं, आणि तुमचं नीट ऐकायचं राहून जातं. म्हणून या वेळी मी आधी ऐकणार आहे. तुमचं काय हुकलं, काय दुखतं, ते मला कळवा. पत्र यायला दिवस लागतात हे मला माहीत आहे. तरी मी ताटावर बसून आहे. तुमचं आलं की जेवतो.

तुमचा,
गजू